तीन आणि सहा नंबरची तार

शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये टेबलं दोन होती. दाराजवळच्या टेबलावर फोन, फॅक्स, कॉम्प्युटर आणि फायली. मागच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न, ऑसिलोस्कोप आणि लांब मानेचा भिंगाचा दिवा. मला नोकरी लागली ती पुढच्या टेबलाची. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा होता, पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला तिथे पहिला प्रश्न ‘टायपिंग येतं का?’ हाच असायचा. येत होतं. चार वर्षं मी कोटेशनं टाइप केली. मग मागच्या टेबलावरचा इंजिनियर कॅनडाला निघून गेला, आणि त्याच आठवड्यात मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले.

साहेब केरळचे. आमच्यात हिंदी चालायची.

“मॅडम, आप? पीछे?”

“मैं. सर्टिफिकेट आपकी ही फाइल में है. मैंने ही लगाया था.”

ते हसले. मग म्हणाले, “एक काम देता हूँ. हो गया तो पीछे का टेबल आपका. नहीं हुआ तो वापस आगे, और फिर कभी बोलना नहीं.”

मी हो म्हटलं आणि त्याच दिवशी नवी वही उघडली.

आमचा धंदा वजनकाट्यांचा. दुरुस्ती, तपासणी आणि काट्याला लागणारा आकड्यांचा डबा बनवणं, एवढंच. दुबईतल्या रास अल खोरच्या एका डाळी-मसाल्याच्या गोदामात आमचे पाच काटे होते. पोतं काट्यावर चढलं की एक माणूस आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि दुसरा ती चिठ्ठी ऑफिसात पोचवायचा. गोदामवाल्यांना आता काट्यावरचा आकडा थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हवा होता. म्हणजे प्रत्येक डब्यात नेटवर्कची चिप बसवायची आणि तिथून ऑफिसपर्यंत केबल न्यायची. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडणारे पुष्कळ होते, वजनकाटा जोडणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं.

चिपच्या माहितीपत्रकाची झेरॉक्स मी आठवडाभर वाचली. चिपला शंभर पाय, आणि त्यातले केबलच्या कामाचे फक्त चार. दोन पाठवण्याचे, दोन घेण्याचे. पण हे चार पाय सरळ केबलला जोडायचे नसतात. मध्ये एक छोटा काळा ट्रान्सफॉर्मर लागतो. कारण केबलचं दुसरं टोक साठ-सत्तर मीटरवर, वेगळ्या बोर्डाच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रात असतं. तिकडचा झटका चिपपर्यंत पोचता कामा नये. पोचायला हवा तो फक्त संदेश. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्हीकडची वेटोळी एकमेकांना शिवत नाहीत, तरी निरोप पलीकडे जातो. शिवाय दोन्ही बाजूंना ठरावीक रेझिस्टर लावायचे. नाहीतर निघालेला निरोप केबलच्या तोंडाशी आपटून मागे येतो.

हे सगळं मी वहीच्या बाराव्या पानावर लिहून काढलं. चिपचा कुठला पाय, ट्रान्सफॉर्मरचा कुठला, आणि शेवटी सॉकेटचा कितवा नंबर: पाठवायला एक आणि दोन, घ्यायला तीन आणि सहा. चार आणि पाच मोकळे, कारण मधली जागा टेलिफोनसाठी सोडायची रीत होती. चिप ते सॉकेट अंतर इंचाच्या आत ठेवलं, जोडीतल्या दोन्ही रेषा बोर्डावर सारख्या लांबीच्या आखल्या. पाय इतके जवळ की भिंगाखालीसुद्धा दोन पायांवर सोल्डरचा एकच थेंब बसायचा, मग तो तांब्याच्या जाळीने शोषून काढायचा. पहिल्या बोर्डाला तीन दिवस लागले, पाचव्याला अर्धी सकाळ.

टेबलावर पाचही बोर्ड चालले. दोन मीटरची केबल मीच बनवली होती. काट्यावर सोल्डरची रिळं ठेवली की शेजारच्या कॉम्प्युटरवर आकडा उमटायचा. साहेबांनी एक रीळ उचललं, परत ठेवलं, पुन्हा उचललं. “माशाल्ला,” म्हणाले, आणि लगेच, “यल्ला, रास अल खोर कब?”

गोदामातल्या केबलचं काम एका वायरमनकाकांना दिलं होतं. ते संगमेश्वरकडचे, पन्नाशीचे, शारजात अठरा वर्षं काढलेले. त्यांचा हात टेलिफोनच्या तारांवर बसलेला. मी त्यांना सविस्तर यादी करून दिली: कुठल्या काट्यापासून किती मीटर, कुठल्या खांबावरून, आणि प्लगमध्ये कुठल्या नंबरला कुठला रंग. प्रत्येक ओळीपुढे त्यांच्या सहीला जागा.

काकांनी यादी हातभर लांब धरून वाचली. “ताई, हा तर शाळेचा हजेरीपट झाला. गैरहजर कोण ते सांगा.”

“कुणी नको राहायला, म्हणूनच तर.”

“पण हे रंग तुम्ही असे ओळीत लावलेत. नारिंगी-नारिंगी, हिरवा-हिरवा, निळा-निळा. मी कंपनीच्या वायरी बघितल्यात, त्यात असे सलग नसतात हो.”

“काका, दोन्ही टोकांना सारखं असलं म्हणजे झालं. यादीप्रमाणे करा.”

“तुम्ही म्हणाल तसं. सही मी मराठीत करणार पण.”

त्यांनी यादीप्रमाणे केलं. दोन दिवसांत पाचही केबली खांबांवरून नेल्या, दहा प्लग दाबले, दहा सह्या केल्या. त्यांच्याकडे तपासणीची दोन डबडी होती, एक या टोकाला लावायचं, दुसरं त्या टोकाला. आठही तारा जुळल्या की आठ हिरवे दिवे एकामागून एक लागत. पाचही केबलींना आठ-आठ दिवे लागले. मी स्वतः पाहिले आणि वहीत बरोबरच्या खुणा केल्या.

दुसऱ्या दिवशी गोदामातले चार काटे बंद.

बंद म्हणजे पूर्ण बंद नव्हे, तो त्रास वेगळाच होता. ऑफिसजवळचा पहिला काटा उत्तम चालला. दुसरा आणि तिसरा मध्येच गप्प व्हायचे. पोतं उतरलं तरी कॉम्प्युटरवर जुनाच आकडा. चौथा-पाचवा तर क्वचितच बोलत. फोर्कलिफ्टचा चार्जर सुरू झाला की सगळंच बिघडायचं. गोदामाचा मुकादम पेशावरचा, दाढीला मेंदी लावलेला. त्याला सगळे हाजी म्हणत, मला तो बाजी म्हणजे ताई म्हणायचा. तो रोज सकाळी फोन करायचा, आणि फोन अजून माझ्याच टेबलावर होता.

“बाजी, तुम्हारा कांटा आज फिर सो गया.”

“कौन सा, हाजी?”

“ये पूछो कौन सा जागा.”

पुढचे दहा दिवस मी सकाळी फायली आणि दुपारी रास अल खोर केलं. प्रथम माझ्या बोर्डांवरच शंका घेतली. ट्रान्सफॉर्मर उलटा बसला का? रेझिस्टर चुकीचे? एखादा पाय सुटलेला? एकेक तपासून खोडत गेले. काहीच सापडेना, तेव्हा वहीत पंचवीस चौकोनांचा तक्ता केला आणि प्रत्येक बोर्ड पाचही जागी लावून पाहिला. पाच दिवसांनी तक्ता भरला आणि एक गोष्ट स्पष्ट झाली. कुठलाही बोर्ड पहिल्या जागी चालत होता आणि पाचव्या जागी कुठलाच नाही. म्हणजे दोष बोर्डात नव्हता, जागेत होता. ऑफिसपासून जेवढं लांब, तेवढं वाईट.

तक्ता साहेबांना दाखवला. त्यांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला. “केबल! पास वाला ठीक किया, दूर वाला जैसे-तैसे. वो वायरमन को मैं फोन करता हूँ.”

“सर, टेस्टर में आठों लाइट...”

“लाइट छोड़ो. हाजी बोला है, जुम्मे के बाद भी नहीं चला तो शनिवार को सब उतार के ले जाओ.”

त्यांनी माझ्यासमोरच काकांना फोन लावला. यापुढे आमचं काम त्यांना मिळणार नाही, असं सांगितलं. काका पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. साहेबच बोलत होते.

तो मंगळवार होता. बुधवारी मी बर दुबईच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातून तीस मीटरची तयार केबल आणली. कारखान्यातून प्लगसकट येते ती. तिसऱ्या काट्यापासून ऑफिसपर्यंत ती सरळ जमिनीवरून टाकली. काटा बोलायला लागला. फोर्कलिफ्टचा चार्जर लावायला सांगितला, तरी बोलतच राहिला. हाजी बाजूला उभा राहून पाहत होता. “ये वाली दुकान से पहले क्यों नहीं लाई?” म्हणाला.

ती केबल गुंडाळून घरी नेली. कुकर लावला आणि ओट्याजवळच्या उजेडात तिचा प्लग डोळ्यांसमोर धरला. प्लग पारदर्शक असतो, आतले रंग दिसतात. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, आणि पुढे हिरवा नव्हेच. मध्ये निळ्याची जोडी घुसलेली, हिरवा तिच्या पलीकडे, सहाव्या जागी. माझ्या मनात आलेला पहिला विचार मी लपवत नाही. मला वाटलं, काय गबाळं काम आहे! एवढा मोठा कारखाना आणि रंग नीट लावता येत नाहीत.

मग मी वही उघडली. बाराव्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: घ्यायला तीन आणि सहा. सतराव्या पानावर, माझ्याच अक्षरात, केबलची यादी: तीन पांढरा-हिरवा, चार हिरवा, पाच पांढरा-निळा, सहा निळा. दोन्ही पानं नेटकी. दोन्हीवर बरोबरच्या खुणा. मी ती कधी शेजारी ठेवून वाचलीच नव्हती.

केबलमध्ये आठ तारा असतात, पण त्या आठ सुट्या तारा नसतात, पीळ घातलेल्या चार जोड्या असतात. निरोप एका जोडीच्या दोन तारांवरून जायला हवा. म्हणजे बाहेरून विजेचा गोंगाट आला तर दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि शेवटी वजा होतो. पिळाचा उपयोग तोच. माझ्या यादीने तीन नंबरला हिरव्या जोडीतली एक तार दिली आणि सहा नंबरला निळ्या जोडीतली. दोन अनोळखी तारांना एक काम सांगितलं. दोन मीटरवर ते निभावलं, पंधरा मीटरवरही निभावलं. सत्तर मीटरवर शेजारच्या नारिंगी जोडीचं बोलणं आणि फोर्कलिफ्टच्या चार्जरची घरघर त्यात मिसळली, आणि घेणाऱ्या चिपला काही कळेनासं झालं. टेस्टर एवढंच पाहत होता की या टोकाची तिसरी तार त्या टोकाला तिसरीच आहे. ती होतीच. कोण कुणाच्या जोडीला आहे, हे त्याला विचारलंच नव्हतं.

मला यादी सुंदर दिसायला हवी होती, म्हणून मी रंग ओळीत लावले होते. आणि काकांनी मला विचारलं होतं.

नवरा दुबईहून गर्दीतून वाट काढत आला तेव्हा कुकर केव्हाच थंड झाला होता. मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

“केबली बदलाव्या लागणार?”

“नाही. टोकं कापून प्लग नव्याने दाबायचे. दहा टोकं. अर्ध्या दिवसाचं काम.”

“मग शुक्रवारी जाऊन दाब आणि खलास. सांगायला कशाला हवं? साहेब म्हणतायत ना वायरमनची चूक, म्हणू दे.”

“त्यांचं काम गेलं ना.”

“तुझं टेबल जाईल.”

हे खरं होतं. मी पोळ्या केल्या. पोळ्या लाटताना मी मनातल्या मनात दोन रकाने पाडते, ही माझी सवय. त्या दिवशी गप्प राहण्याचा डावा रकाना भरत गेला आणि सांगण्याच्या उजव्यात एकच ओळ राहिली. मी त्या ओळीवर ठरवलं.

गुरुवारी दुपारी साहेब मला घेऊन रास अल खोरला गेले. हाजीसमोर बसून मुदत वाढवून मागायची होती. त्यांनी काकांनाही बोलावून घेतलं होतं, कशासाठी ते मला मागाहून कळलं. काका हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दाराशी उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “हाजी, गलती पकड़ में आ गई. ये आदमी ने कनेक्शन में गड़बड़ किया. नया आदमी लगाता हूँ.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेच लागलं.

“सर, गड़बड़ मेरी है,” मी म्हटलं.

साहेब हसले, बाई मनाचा मोठेपणा दाखवते आहे असं समजून. मी वही टेबलावर ठेवली, बारावं आणि सतरावं पान बोटाने धरून आळीपाळीने दाखवली. शेजारी तयार केबलचा प्लग ठेवला. “इन्होंने वही किया जो मैंने लिखा. हर लाइन पर साइन है. और शुरू में इन्होंने पूछा भी था कि रंग ऐसे क्यों. मैंने कहा, लिस्ट के हिसाब से करो.”

हाजीने वही ओढून घेतली. त्याला मराठी येत नव्हतं, इंग्रजीही बेताचंच. त्याने आधी प्लग पाहिला, मग सह्यांचा रकाना, मग मला.

“तो कान किसका पकड़ूँ?”

“मेरा.”

“औरत का कान मैं नहीं पकड़ता. कब ठीक होगा, वो बोलो.”

“कल जुम्मा है, गोदाम बंद. सुबह आठ से. नमाज़ तक हो जाएगा.”

“इन्शाल्ला नहीं बोला तुमने.”

“हो जाएगा, हाजी.”

परतीच्या वाटेवर शारजाची नेहमीची गर्दी होती. पिकअपमध्ये मी पुढे, काका मागे. गाडी पुलाखाली अडकून पडली तेव्हा साहेब समोर बघतच म्हणाले, “पहले मुझे अकेले में बोलना था.”

“अकेले में बोलती, तो आप मुझे वहाँ बोलने नहीं देते.”

त्यांनी गाडी हातभर पुढे घेतली. “वो भी सही है,” म्हणाले. आवाजात कौतुक नव्हतं. टेबलाबद्दल एक शब्द नाही. मीही विचारलं नाही.

काकांना वर्कशॉपच्या दाराशी उतरताना मी गाठलं. मला वाटलं होतं, ते बरं बोलतील. ते चिडलेले होते.

“ताई, सह्या दाखवायची काय गरज होती? आता तो पठाण म्हणेल, हा कागद दिला की डोळे मिटून करतो. मला दिसत होतं. मी गप्प बसलो. ती माझी चूक, ती तुम्ही अख्ख्या गोदामात वाचून दाखवलीत.”

“काका, चूक...”

“उद्या आठला येतो. यादी मी लिहिणार. तुम्ही प्लग दाबायचे.”

आणि तसंच झालं. शुक्रवारी सकाळी रिकाम्या गोदामात मी शिडीवर आणि काका खाली, हातात स्वतःची यादी. ते रंग मोठ्याने सांगत, मी तारा सरळ करून प्लगमध्ये सारत होते. पीळ प्लगच्या अगदी तोंडापर्यंत ठेवायचा, आधीच उलगडायचा नाही, हे त्यांनीच मला दोनदा टोकून सांगितलं. माझे पहिले दोन प्लग वाया गेले. “घाई कशाला? अजान व्हायला दोन तास आहेत,” म्हणाले. तिसऱ्यापासून हात बसला. दहाव्या प्लगपुढे त्यांनी सही माझ्याकडून घेतली, मराठीत.

मग चार्जर लावला. चणाडाळीचं पन्नास किलोचं पोतं आम्ही दोघांनी ओढून पाचव्या काट्यावर चढवलं. मग काका ऑफिसच्या दारात जाऊन कॉम्प्युटर बघू लागले आणि तिथूनच ओरडले, “पन्नास, तीनशे ग्रॅम! बारदान धरून!” चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. तासभर आम्ही पोतं एका काट्यावरून दुसऱ्यावर फिरवत राहिलो. एकदाही आकडा अडकला नाही. माझी कंबर पुढचा आठवडाभर दुखत होती.

शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी पुढच्या टेबलावर जाऊन बसले आणि फॅक्स काढले. हाजीचा फोन आला. साहेबांसाठी होता. केबिनचं दार उघडं होतं. साहेब “हाँ जी, हाँ जी” करत होते. मग बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“हाजी का दूसरा गोदाम है. वहाँ सात कांटे.”

“अच्छा.”

“बोलता है, वही बाजी आए और वही मिस्त्री. बाकी किसी को मत भेजना.” मग जरा थांबून, “सोमवार को एक लड़की आ रही है आगे के लिए. उसको फाइलें समझा देना.”

मी उठले. मागे जाऊन भिंगाचा दिवा लावला, पण बसण्याआधी परत आले.

“सर, एक चीज़ चाहिए. केबल का पूरा खोका.”

“सात कांटे के लिए ना? मंगवाता हूँ.”

“वो अलग. ये टेबल के लिए. यहाँ का हर बोर्ड अब सौ मीटर पर चलाकर ही बाहर जाएगा. दो मीटर पर नहीं.”

“पूरा खोका? सिर्फ टेस्ट के लिए?”

“पूरा.”

त्यांनी कपाळाला हात लावला आणि आत जाऊन फोन फिरवला. दुपारी खोका आला, आणि मी सात बोर्डांच्या सामानाची मागणी लिहायला घेतली.